न मागणाऱ्याची ठेव

धान्याच्या घाऊक व्यापारात माल जितका वखारीत असतो, त्याहून अधिक तो विश्वासात असतो. बेळगावच्या रविवार पेठेत आम्ही तरुणपणी प्रथम गादीवर बसलो, त्या काळी खेड्यापाड्यांतील शेतकरी माल विकून आलेली रक्कम पेढीवरच ठेवून जात आणि पेरणीच्या सुमारास येऊन ती घेऊन जात. पावती कोणी मागत नसे. आमच्या खतावणीत त्याच्या नावाचे पान असे, तेवढाच काय तो आधार. आमचे तीर्थरूप सांगत, की उधारीचे पान एक वेळ चुकले तरी चालेल, ठेवीचे पान चुकता कामा नये. कारण उधारीत बुडालो तर आपले बुडते, ठेवीत बुडालो तर दुसऱ्याचे.

आज आम्ही जे लिहावयास बसलो आहोत, ते अशाच एका ठेवीविषयी. फरक इतकाच, की या ठेवीचा धनी ती मागावयास कधीच येणार नाही.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा जन्मतः मंदबुद्धी आहे. आजच्या कायद्यात अशांस बौद्धिक दिव्यांग म्हणतात. रोज सकाळी तो पेढीवर येतो, हमालांबरोबर चहा घेतो, दहापर्यंत पोती मोजतो आणि दहानंतर पुन्हा एकपासून आरंभ करतो. त्याच्या बारशापासून बंधूंनी त्याच्या नावे बँकेत मुदतीची ठेव ठेवली आणि दर दिवाळीस तीत भर घातली. आपल्या पश्चात मुलाने कोणाच्या तोंडाकडे पाहू नये, एवढाच त्यांचा हेतू.

मुलगा एकोणीस वर्षांचा असताना त्यास अपस्माराचे झटके वारंवार येऊ लागले. इस्पितळाचा खर्च वाढला. त्याच सुमारास ठेवीची मुदत भरली म्हणून बंधू बँकेत गेले. तेथील अधिकारी नम्रपणे म्हणाले, “खातेदार सज्ञान झाला आहे. आता सही त्याची हवी, आणि आपण कशावर सही करतो हे त्यास समजावयास हवे. नाहीतर पालकत्वाचा दाखला आणा.” बंधू रिकाम्या हाताने परतले. पैसा आमचा, मुलगा आमचा, आणि आड येणारे हे कोण, असा संताप त्या दिवशी आम्हांसही आला. इस्पितळाचे बिल पेढीतून भागविले. एका हितचिंतकाने तर सुचविले, की मुलाचा अंगठा उठवून घ्यावा, कोण विचारतो?

संताप ओसरल्यावर विचार केला तेव्हा ध्यानी आले, की तो अधिकारी आमच्या वडिलांचाच नियम पाळीत होता. ज्याच्या नावाचे पान, त्याच्याखेरीज दुसऱ्यास रक्कम द्यावयाची नाही.

कायद्याची घडण समजून घेतली म्हणजे राग राहत नाही. १९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा आम्हां जैनांसही लागू आहे. त्यान्वये बाप, आणि त्याच्यामागे आई, मुलाच्या मालमत्तेचे नैसर्गिक पालक होत. परंतु हे पालकत्व मुलाच्या अठराव्या वर्षी संपते. मुलाची समज वाढो वा न वाढो, कायदा त्या दिवशी त्यास सज्ञान धरतो. उलटपक्षी १८७२ च्या करार कायद्यान्वये ज्यास व्यवहाराचे हिताहित कळत नाही त्याचा करार ग्राह्य नाही. अशा रीतीने बापाचा हक्क सरतो, मुलाचा चालत नाही आणि ठेव कुलूपबंद होते. पुष्कळांस वाटते, की आपण खात्यावर नाव नोंदवून ठेवले आहे, मग चिंता कशाची? पण वारस म्हणून नोंदविलेल्या व्यक्तीस खातेदाराच्या मृत्यूनंतरच रक्कम मिळते. त्याच्या हयातीत त्या नोंदीचा उपयोग नाही.

ही अडचण आपल्याच देशाची आहे असेही नाही. विलायतेत सरकारने १ सप्टेंबर २००२ ते २ जानेवारी २०११ या काळात जन्मलेल्या मुलांच्या नावे बचत-खात्यांत आरंभीची रक्कम स्वतः घातली. २०२० पासून ती मुले अठरा वर्षांची होऊ लागली तेव्हा, ज्यांस व्यवहार कळत नाही अशांच्या आईबापांस तीच रक्कम हाती येण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

आपल्याकडे याची किल्ली १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि एकाहून अधिक प्रकारचे दिव्यांगत्व, या चार अवस्थांतील व्यक्तींसाठी तो आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक स्तर समिती नेमण्याची तरतूद त्यात असून तीत जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे सभासद असतात. आईवडील अथवा नातेवाईक या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करू शकतात. समितीच्या दाखल्यावर विसंबून खाते उघडण्यास व चालविण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना मुभा दिली आहे. केवळ मानसिक आजार असलेल्यांस मात्र हा कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी न्यायालयाकडेच जावे लागते.

बंधू व वहिनी यांनी अर्ज केला. सुनावणीच्या दिवशी आम्हीही सोबत गेलो होतो. समितीतील एका सभासदाने आम्हां कोणासही न विचारता मुलासच विचारले, “तुला काय पाहिजे?” मुलाने खाली वाकून पायांकडे बोट दाखविले. त्याचे बूट त्यास चावत होते. टाचेवर घट्टे पडले होते. त्याच्या भवितव्यासाठी वर्षानुवर्षे रकमा मोजणाऱ्या आम्हां दोघां भावांस हे ठाऊक नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पालक व दिव्यांग व्यक्ती यांनी परस्पर विश्वासाने, त्या व्यक्तीच्या इच्छेस धरून निर्णय करावा असे म्हटले आहे. त्याचा अर्थ आम्हांस त्या बुटांनी शिकविला.

दाखला मिळाला. पण दाखल्याबरोबर कर्तव्यही येते. नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत पालकाने मुलाच्या सर्व मालमत्तेची, येण्या-देण्यासह, यादी समितीस द्यावयाची; आणि प्रत्येक आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत जमा, खर्च व शिल्लक यांचा हिशेब सादर करावयाचा. पालकाने मुलाची हेळसांड केली वा त्याची मालमत्ता गिळंकृत केली, तर कोणीही आप्त तक्रार करू शकतो आणि समिती त्यास दूर करू शकते. व्यापारी माणसास यात नवे काय आहे?

येथे एक गोष्ट कबूल करणे प्राप्त आहे. ज्वारीची आवक जोरात होती आणि पेढीस भांडवलाची ओढ होती. दाखला हाती येण्यापूर्वीच आम्ही बंधूंस सुचविले होते, की ठेव सुटली म्हणजे हंगामापुरती पेढीत वळवावी; व्याज बँकेहून अधिक देऊ. यादी लिहावयास दिवाणजी बसले तेव्हा त्यांनी सहज विचारले, “ही रक्कम पेढीकडे जमा दाखवू की चिरंजीवांकडे?” आम्हांस उत्तर सुचेना. घरचाच पैसा, घरच्याच पेढीत, असे आम्ही मनाशी म्हणत होतो. पण पेढी बुडाली असती तर तो मुलगा दावा लावावयास येणार नव्हता. रक्कम त्याच्याच नावे राहिली. पेढीसाठी आम्ही बाजारभावाने कर्ज काढले.

त्या रात्री आम्हांस पर्युषणातील तत्त्वार्थसूत्राचे वाचन आठवले. सत्याणुव्रताच्या अतिचारांत एक कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख करणे. आणि दुसरा न्यासापहार, म्हणजे ठेव दाबणे. टीकाकार सांगतात, की ठेवणारा आपल्या रकमेचा आकडा विसरला आणि त्याने कमी मागितली असता ‘होय, तेवढीच’ म्हणून देणे, हाही न्यासापहारच. वर्षानुवर्षे हे ऐकले, पण असा विसरणारा मनुष्य कोण, हे कधी मनात आले नव्हते. तो आमच्याच पेढीवर दहापर्यंत पोती मोजीत बसला होता. अंगठा उठविणे ही कूटलेखक्रिया झाली असती, आणि हंगामाचा तो बेत न्यासापहाराच्या उंबरठ्यावर होता.

आपल्या सभासदांत अशी मुले असलेली घरे आहेत. पुष्कळजण लाजेने बोलत नाहीत. लपवून ठेवण्याने मात्र मुलाचेच नुकसान होते. त्यांस आमची विनंती आहे. दिव्यांगत्वाचा दाखला व जन्माचा पुरावा मुलाच्या सतराव्या वर्षीच सिद्ध ठेवा आणि अठरावे पूर्ण होताच अर्ज करा. आजारपण दारात उभे असताना धावपळ करू नका. ‘भाऊ पाहील’ या एका शब्दावर सर्वस्व सोडू नका. मृत्युपत्र करा, आणि मालमत्ता मोठी असेल तर १८८२ च्या न्यास कायद्यान्वये विश्वस्त नेमून व्यवस्था लावा. मुलाचा हिशेब पेढीच्या वहीत मिसळू नका. त्याची स्वतंत्र वही घाला. आणि महिन्यातून एकदा तरी त्यास विचारा, की तुला काय पाहिजे.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या पेढीवर नेहमीच्या वह्यांबरोबर आणखी एका वहीची पूजा झाली. तीवर त्या मुलाचे नाव आहे. आतील पहिल्या नोंदीत एका नव्या बुटांच्या जोडीचा खर्च लिहिला आहे.