कळसूबाईकडे, माउस धरून

फ्लाइटगिअर हे मोफत सिम्युलेटर. सुरू करतानाच त्याला अक्षांश, रेखांश आणि उंची सांगितली, की विमान थेट हवेतच मिळते. मी १९.६९ उत्तर, ७४.३८ पूर्व आणि साडेसहा हजार फूट हे आकडे देतो. खाली कोपरगाव तालुक्यातले काकडी गाव. १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डी विमानतळ सुरू झाला, तो याच माळावर. विमान सेसना १७२. हातात जॉयस्टिक नाही, पायांशी पेडल नाहीत. टेबलावर साधा माउस. जायचे पश्चिमेला, कळसूबाईकडे. अंतर सुमारे ७० किलोमीटर, १०० नॉटने वीस-पंचवीस मिनिटांची वाट.

टॅब कळ दाबली की पडद्यावरच्या बाणाचा क्रॉस होतो आणि माउस विमानाच्या ताब्यात जातो. तो डावी-उजवीकडे सरकवला की पंखांवरचे एलेरॉन हलतात, मागे-पुढे केला की शेपटीचा एलेव्हेटर. डावे बटण दाबून धरले, की तोच माउस नाक डावी-उजवीकडे वळवणारा रडर चालवतो. इंजिनाचा जोर पेजअप आणि पेजडाउन या कळांवर.

खरी अडचण यानंतर सुरू होते. जॉयस्टिक सोडली की आतली स्प्रिंग तिला मध्यावर आणते. खऱ्या सेसनात वाऱ्याचा दाब योकमधून, म्हणजे विमानाच्या सुकाणूतून, हाताला जाणवतो. माउसला मध्यही नाही आणि दाबही नाही. उडत्या पतंगाची ओढ मांज्यातून बोटांना कळते, तसे इथे बोटांना काहीच कळत नाही. एलेरॉन डावीकडे राहिला तर तो तसाच राहतो, हात मात्र निवांत असतो. म्हणून हाताचे काम डोळ्यांना करावे लागते. मी एच कळ दाबून काचेवरची हिरवी मापे उघडतो. त्यांच्या खुणांवरून एलेरॉन, एलेव्हेटर आणि रडर कुठे आहेत ते दिसते.

एलेरॉन विमानाला किती कलायचे ते सांगत नाही. किती वेगाने कलत जायचे ते सांगतो. ही गोष्ट माउस फार स्पष्ट शिकवतो. संगमनेर डाव्या हाताला दिसू लागले की मी थोडा डावीकडे वळतो. माउस बोटभर सरकवायचा, पंख पंधरा-वीस अंश कलले की लगेच मध्यावर आणायचा. मग विमान कललेलेच राहते आणि वळत जाते. माउस डावीकडेच ठेवला तर कल वाढतच जातो, नाक खाली झुकते, वेग चढतो आणि विमान गिरक्या घेत खाली निघते. घाबरून उलटा झटका दिला की ते दुसऱ्या बाजूला कलंडते. चूक पाठलागात असते. सरकवा, थांबा, विमान काय म्हणते ते पाहा, मग पुढचे.

अकोले मागे पडते तशी जमीन उंच होऊ लागते. भंडारदऱ्याचे पाणी डावीकडे पुढे दिसते, समोर १६४६ मीटरची कळसूबाई. म्हणजे सुमारे ५४०० फूट. शिखर आपल्या खाली हजारभर फुटांवर राहायला हवे. उंची धरण्यासाठी माउस मागे ओढून ठेवायचा मोह होतो. त्याऐवजी होम आणि एंड कळांनी ट्रिम, म्हणजे हाताविना नाक धरून ठेवणारी सोय, बदलावा. नाक हवे तिथे आणावे, ट्रिम करत जावे आणि माउस मध्यावर आणावा. हात काढला तरी विमान समतल उडत राहिले, तर ट्रिम जमला. ज्याचा ट्रिम जमला, त्याचे निम्मे उड्डाण जमले.

उतरताना मात्र माउसची मर्यादा उघडी पडते. धावपट्टीवर ६५ नॉटने येताना शेवटच्या काही फुटांत नाक हळूहळू वर घ्यावे लागते. वेग कमी होतो तसा एलेव्हेटर अधिकाधिक ओढावा लागतो आणि किती ओढला याचा अंदाज हाताला येत नाही. आडवा वारा असेल तर पंख वाऱ्याकडे झुकवून त्याच वेळी उलट्या बाजूचा रडर द्यावा लागतो. माउसला दोन्ही एकदम जमत नाहीत. बटण दाबले की रडर, सोडले की एलेरॉन. म्हणून सुरुवातीला वारा शून्य ठेवावा आणि रडर एलेरॉनशी जोडणारी ऑटो-कोऑर्डिनेशनची सोय चालू ठेवावी.

डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी माउस जगापुढे मांडला, तो पडद्यावरची जागा दाखवण्यासाठी, विमान उडवण्यासाठी नव्हे. तरीही नगर, श्रीरामपूर किंवा राहुरीच्या ज्या मुलाकडे फक्त घरचा संगणक आहे, त्याने जॉयस्टिकसाठी थांबू नये. योकचा दाब आणि पायांचे काम पुढे खऱ्या विमानात, प्रशिक्षकाशेजारी बसूनच शिकावे लागेल. पण थोडेच हलवणे, थांबणे आणि ट्रिम करणे या तीन सवयी तिथेही लागतात, आणि त्या माउसवर आजपासून लावून घेता येतात.