अण्णांची पद्मिनी तापते

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते. परंतु गेल्या उन्हाळ्यात दोन महिने माझ्या घरात रेडिएटर, गॅस्केट आणि होज पाइप याखेरीज दुसरा विषय नव्हता.

पद्मिनी ही आमच्या तीर्थरूपांची मोटार. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाटच्या नमुन्यावर १९६४ पासून जी गाडी निघू लागली, तिचे १९७४ साली ‘प्रीमियर पद्मिनी’ असे बारसे झाले. पुढे या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या टॅक्सींतूनही तिची पाठवणी झाली. आमची पद्मिनी १९८७ ची. अण्णांनी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर गाडी चालवणे सोडले, तेव्हापासून सहा वर्षे ती पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यात धूळ खात उभी होती. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. म्हणजे न चालणाऱ्या गाडीसाठी मी तो भरत होतो. ती मोडीत काढण्याचा विषय मी दोनदा काढला. दोन्ही वेळा अण्णा जेवता जेवता गप्प झाले.

वाईला माझ्या आत्या असतात. वय वर्षे शहाऐंशी. त्यांनी फोनवर अण्णांना म्हटले, “अरे, एकदा तुझ्या गाडीतून ये, आपण ढोल्या गणपतीला जाऊ.” त्या दिवशी अण्णांनी मला बोलावले आणि इंजिनाच्या कामासाठी बाजूला ठेवलेले पैसे माझ्या हातात दिले. नाही म्हणण्याची माझी छाती झाली नाही.

एका कारागिराने इंजिन उतरवले. सिलिंडर बोअर झाले, नवे पिस्टन, नव्या रिंगा, बेअरिंगे, सारे झाले. महिन्याने गाडी सुरू झाली तेव्हा १०८९ सीसीचे ते चार सिलिंडरचे इंजिन असे मऊ वाजत होते, की सौ. म्हणाली, “चालू आहे का?” आम्ही सहकुटुंब कात्रजच्या दिशेने निघालो. चढ लागला मात्र, काटा तांबड्या रेघेकडे सरकू लागला, आणि चढ संपण्यापूर्वीच बॉनेटखालून वाफ आली. चहाच्या टपरीवाल्याने न सांगता पाण्याची बादली आणून ठेवली. त्याचा हा रोजचाच उद्योग असावा.

“सर, नवीन इंजिन टाइट असतं. पाचशे किलोमीटर चालवा, मोकळं होईल,” कारागीर म्हणाला. यात थोडे तथ्य आहे. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी घासून बसेपर्यंत इंजिन जरा अधिक तापते. पण जरा अधिक तापणे वेगळे आणि पाणी उकळणे वेगळे. पेट्रोलमधून निघालेल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर न्यावा लागतो. तो गेला नाही तर ओतीव लोखंडाच्या ब्लॉकवर बसवलेले अॅल्युमिनियमचे हेड वाकडे होते, गॅस्केट जळते आणि पुन्हा सारे उतरवण्याची पाळी येते. अण्णांजवळ पुन्हा देण्याजोगे पैसे नव्हते, हे मला ठाऊक होते.

मग मी स्वतःच अभ्यासाला लागलो. प्राध्यापकाला दुसरे येते काय? फॅनबेल्ट ताणून घेतला. डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे मिस्त्री ज्याला डेल्को म्हणतात तो, बसवताना टायमिंग मागे राहिले होते. ठिणगी उशिरा पडली की इंधन उशिरापर्यंत जळत राहते आणि ती आच एक्झॉस्टकडची बाजू तापवते. ते सुधारले, काटा थोडा उतरला, पण चढावर पुन्हा तेच. गॅस्केट गेले असेल तर रेडिएटरात बुडबुडे येतात, तेल दुधाळ होते. दोन्ही नव्हते, त्या रात्री मी नीट झोपलो. नंतर थर्मोस्टॅटचा संशय आला. नाना पेठेतून नवा आणला आणि जुना व नवा असे दोन्ही दोऱ्याला बांधून स्वयंपाकघरात पातेल्यात सोडले. पाणी उकळीला येण्यापूर्वी झडप उघडली पाहिजे. दोन्ही उघडल्या. सौ.ने ते पातेले पुन्हा घरात घेतले नाही.

या सगळ्या काळात अण्णा रोज संध्याकाळी एकच विचारीत, “रेडिएटर खोललास का?” आणि मी रोज म्हणे, “अण्णा, तो बाहेरून धुतला आहे, गळत नाही.” खरे सांगायचे तर मी त्यांचे ऐकतच नव्हतो. ऐंशी वर्षांचा माणूस एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतो तेव्हा आपण ती वयाच्या खाती टाकतो.

एका रविवारी त्यांनी कपाटातून गाडीची वही काढून माझ्यापुढे ठेवली. पेट्रोल, किलोमीटर, हवा, पंक्चर, सारे काही त्यांच्या वळणदार अक्षरात. एका पानावर होते: ‘मे १९९८. बोअर करून आणली. चढावर तापते. रेडिएटर खोलून गज मारले. गाळ निघाला. आता ठीक.’ जुन्या पोथ्यांतील पाठभेद लावण्यात मी हयात घालवीत आहे, आणि ही वही माझ्या घरात अडतीस पावलांवर होती.

“उभी असताना तापते की चढावर?” अण्णांनी विचारले. दोन महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उभ्या गाडीत तापली तर दोष पंख्याकडे आणि हवेकडे; जोर पडल्यावर तापली तर बहुधा पाणीच पुरेसे फिरत नाही. त्यांनी इंजिन गरम करून बंद करायला लावले. मग खांद्यावर माझा आधार घेऊन ते वाकले आणि रेडिएटरच्या जाळीवरून तळहात हळूहळू फिरवला, लहान मुलाचा ताप बघावा तसा. “इथे बघ.” मी हात लावला. वरचा भाग चटका देत होता, खाली उजवीकडे मोठा पट्टा कोमटदेखील नव्हता. तेथल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हते.

सहा वर्षांत ब्लॉकच्या आत धरलेला गंज काम करताना सैल झाला, नीट धुतला गेला नाही आणि नव्या कूलंटबरोबर वाहत येऊन रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला. रेडिएटरवाल्याने डाख काढून वरची टाकी सोडवली, एकेका नळीतून चपटा गज घातला आणि गेरू कालवावा तसा चिखल बाहेर पडू लागला. अण्णा बाकावर बसून पाहत होते. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरे वाटले असते. नंतर ब्लॉकही उलटे पाणी सोडून स्वच्छ निघेपर्यंत धुतला.

पुढच्या शनिवारी आम्ही वाईला निघालो. शिरवळ गेले, खंबाटकीचा घाट लागला. मी रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त पाहत होतो. काटा मध्याच्या किंचित वर जाऊन थबकला. एका मालट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना तो आणखी केसभर चढला आणि तिथेच राहिला. माथ्यावर अण्णा म्हणाले, “बाजूला घे.”

मी घाबरून गाडी थांबवली. त्यांनी खिशातून वही काढली, माझ्याकडे पेन मागितले आणि म्हणाले, “किलोमीटर किती झाले ते वाचून सांग. मला आता तो आकडा दिसत नाही.”