प्रोजेक्टर किती टिकतो?

भिंतीवर सिनेमा दाखवणारे यंत्र म्हणजे प्रोजेक्टर. आता ते कित्येक घरांतही दिसते. त्याचे आयुष्य आपण वर्षांत नाही, तासांत मोजतो.

काही प्रोजेक्टरांत पाऱ्याचा दिवा असतो. तो साधारण ३,००० तास चालतो. रोज ३ तास लावला, तर झाले १,००० दिवस, म्हणजे पावणेतीन वर्षे. तोवर उजेड निम्म्यावर येतो आणि नवा दिवा घालावा लागतो.

एलईडी किंवा लेसरचा उजेड २०,००० तास पुरतो, असे बनवणारे सांगतात. हिशेब केला तर १८ वर्षे! पण तो बहुधा बदलता येत नाही.

दिवा तापतो, म्हणून आत पंखा असतो. पंख्याबरोबर धूळही आत शिरते. जाळी तुंबली की यंत्र तापते नि लवकर बिघडते. तेव्हा आपण जाळी वरचेवर झाडावी. बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत बटण काढू नये.

जुना प्रोजेक्टर स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नये. दिवा किती तास जळला, हा आकडा बहुतेक यंत्रे स्वतःच दाखवतात. आधी तो पाहावा, मग पैसे मोजावे. आकडा वाचला, तर पैसा वाचला!