जलाशयाच्या छतावरील बाग

मुंबईत मुलांना घेऊन जावे असे, आणि जेथे प्रवेशासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही असे स्थळ कोणते, असे कोणी विचारले म्हणजे मी विनाविलंब मलबार टेकडीचे नाव घेतो. तेथील फिरोजशाह मेहता उद्यान, म्हणजेच लोकांच्या तोंडी रुळलेले हँगिंग गार्डन, वस्तुतः एका विशाल जलाशयाच्या छतावर वसलेले आहे. ज्या वाटांवरून मुले धावतात त्यांच्याच खाली दक्षिण मुंबईच्या नळांना जाणारे पाणी साठविलेले असते, हे त्यांना अवश्य सांगावे, कारण ते ऐकताच माझी दोन्ही मुले जमिनीला कान लावून बसली होती. १८८८च्या महापालिका कायद्याच्या घडणीत मेहतांचा वाटा मोठा, यास्तव नगराने त्यांच्या स्मृतीची केलेली ही तजवीज मला अत्यंत उचित वाटते. कातरून प्राण्यांचे आकार दिलेली झुडपे पाहून झाली, की रस्ता ओलांडून कमला नेहरू उद्यानात जावे. म्हातारीचा बूट, म्हणजे मुलांसाठी उभारलेली बुटाच्या आकाराची वास्तू, तेथेच आहे. मात्र घाई करू नये. सूर्यास्तानंतर मरीन ड्राइव्हच्या अर्धवर्तुळावर एकेक दिवा उजळू लागतो, तोवर कठड्यापाशी थांबावे.