लिटरला चाळीस

सत्तावीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी पोरांना एकच गोष्ट सांगत आले. वाकून बघ, डोळा खुणेच्या रेषेत आण, मग आकडा सांग. रिटायर झाल्यावर हे वाक्य पुन्हा तोंडात येईल असं वाटलं नव्हतं. पण गेल्या दिवाळीत नातवाला छोटी डर्ट बाइक आली आणि माझा शंभर मिलीचा मेजरिंग सिलिंडर माळ्यावरून खाली उतरला.

गाडी म्हणजे तसं खेळणंच. 49 सीसी, हवेवर थंड होणारी, गिअर नाहीत, दोरी ओढून चालू करायची. कागलच्या वाटेवर आमचं थोडं रान आहे. ऊस तुटून गेला की तिथं हेल्मेट, कोपरा-गुडघ्यांचे पॅड असं सगळं चढवून हा फिरतो. रस्त्यावर गाडी आणायची नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं.

पहिली टाकी विकणाऱ्यानं भरून दिली होती. दुसरी आमच्या जावयांनी भरली. जावई पुण्याचे, कॉम्प्युटरवाले, हुशार माणूस. पंपावरून कॅनमध्ये पेट्रोल आणलं आणि सरळ टाकीत ओतलं, त्यांच्या स्वतःच्या मोटरसायकलमध्ये ओततात तसं. गाडी चालू झाली. उलट नेहमीपेक्षा बरी पळतेय, धूरही नाही, म्हणून सगळे खूश. पाव तासानं बांधाच्या पलीकडून तिचा आवाज बारीक होत गेला, किंचाळल्यासारखा झाला आणि गप्प. नातवानं दोरी ओढली तर दोरी जागची हलेना.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी सिलिंडर उचलून पिस्टन माझ्या तळहातावर ठेवला. लिंबाएवढी वस्तू. तिच्या अंगावर उभे ओरखडे, नांगराची तासं मारल्यासारखे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला अॅल्युमिनियमचा राखाडी लेप चिकटलेला.

“पिस्टन धरलाय,” मेस्त्री म्हणाले. “बाई, बिनतेलाची फोडणी दिलीसा की!”

बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन बसेल का, असं मी विचारलं. आमच्या चेतक स्कूटरचं तसं केलेलं आठवत होतं. पण या सिलिंडरला बोअर मारण्याजोगं लायनरच नव्हतं. अख्खं किट मागवावं लागलं.

जावयांची चूक समजण्यासारखी आहे. आज रस्त्यावर दिसणाऱ्या जवळजवळ सगळ्या दुचाक्या फोर-स्ट्रोक. त्यांच्या इंजिनात खाली ऑइल साठलेलं असतं, तेच पुन्हा पुन्हा फिरतं, काही हजार किलोमीटरनंतर बदललं की झालं. नातवाची गाडी टू-स्ट्रोक, तिला ती सोयच नाही. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या खोलीत येतं. पिस्टन खाली आला की तिथं दाबलं जातं आणि बाजूच्या वाटांनी वर चढतं. ज्या खोलीत ऑइल साठवायचं, तीच येण्याजाण्याची वाट. म्हणून ऑइलला पेट्रोलच्याच गाडीत बसून प्रवास करावा लागतो.

पुढचा भाग मला फार आवडतो, रसायनशास्त्रवाल्या बाईला आवडायचाच. गरम खोलीत शिरल्यावर पेट्रोलची वाफ होते, ऑइलची होत नाही. त्याचे बारीक थेंब मागं राहतात आणि बेअरिंगवर, पिस्टनच्या पिनेवर, सिलिंडरच्या भिंतीवर जाऊन बसतात. तिथं काम करतात, मग वर जाऊन जळतात आणि निळसर धूर होऊन बाहेर पडतात. मिनिटाला 6000 फेरे म्हणजे सेकंदाला शंभर स्फोट, कारण टू-स्ट्रोक प्रत्येक फेऱ्याला पेटतो. एवढ्या धुमाळीत प्रत्येक थेंबाला एकच फेरी मिळते. शिल्लक काही पडत नाही, त्यामुळे आज कमी पडलेलं ऑइल उद्या जास्त घालून भरून काढता येत नाही.

आता प्रमाण. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत 25:1 असं छापलं होतं. झाल्या प्रकारानं शहाणे झालेले जावई मोठ्या तयारीनं इंजेक्शनची सिरिंज घेऊन आले आणि एक लिटरला 25 मिली मोजू लागले. मी हात धरला. 25:1 म्हणजे पेट्रोलचे पंचवीस भाग, ऑइलचा एक. हजाराला पंचविसानं भागा. चाळीस. लिटरला 40 मिली. लिटरला 25 घातलं तर ते 40:1 होतं. गंमत बघा, चाळीस आणि पंचवीस हे दोन्ही आकडे दोन्हीकडे येतात, फक्त जागा बदलून. याहून चांगला सापळा परीक्षेच्या पेपरातही मला लावता आला नसता. आणि आकडा वाढला की ऑइल कमी होतं, हेही डोक्यात उलटं बसतं. 50:1 म्हणजे लिटरला 20, 32:1 म्हणजे साधारण 31. कोणतं घ्यायचं ते त्या गाडीची पुस्तिका सांगेल. शेजाऱ्याच्या गाडीला काय लागतं त्याच्याशी आपला संबंध नाही.

आमच्या काळी हे गणित पंपावरचा पोरगा करायचा. माझी लूना होती, ह्यांची बजाज चेतक. पंपाच्या कडेला ऑइलचं हातपंपाचं यंत्र उभं असायचं. “दोन लिटर, ऑइल टाकून,” एवढं म्हटलं की तो दांडा मारायचा. चेतकला दोन टक्के, लिटरला 20 मिली. पाउचही मिळायचे, कोपरा दातानं फाडून टाकीत पिळायचे. मग हे स्कूटर दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवायचे, मिसळलं पाहिजे ना! पोरांना ते पाळण्यासारखं वाटे. सुटं ऑइल कुठलंही नि कितीही घातलं जातं, धूर वाढतो, म्हणून दिल्लीत 1998 च्या अखेरीस सुट्या ऑइलवर बंदी आली आणि पंपावर मिसळलेलंच पेट्रोल द्यायला लागले. आरएक्स 100 सारख्या गाड्यांना वेगळी ऑइलची टाकी आणि पंप असे, त्यांना ही कटकट नव्हती. यामाहाच्या पीडब्ल्यू 50 या लहान मुलांच्या गाडीलाही तसा पंप आहे. स्वस्तातल्या गाड्यांना मात्र ज्यानं त्यानं मोजायचं.

घाटाचंही तेव्हाच कळलं. आंबा घाट उतरताना हे मधूनमधून उगाच एक्सलेटर पिळायचे. मला वाटायचं, मिरवतायत. खरं कारण असं, की लांब उतारावर एक्सलेटर बंद ठेवला आणि गाडी गिअरमध्ये असली, तर इंजिन जोरात फिरतं पण पेट्रोल नावापुरतं येतं. आणि पेट्रोल नाही म्हणजे ऑइल नाही.

ऑइल कुठलं, यावर आमच्याकडं प्रमाणापेक्षा जास्त भांडणं झाली. माझं मत स्पष्ट आहे. डब्याच्या पुढच्या बाजूवर चित्र कसलं आहे ते बघू नका, मागं बारीक अक्षरात ‘जासो’ शोधा. ही जपानी प्रतवारी. एफबी, एफसी, एफडी अशी ती चढत जाते. एफसीमध्ये धूर कमी. एफडीमध्ये धूर तितकाच कमी, पण गरम इंजिनात काजळी धरू न देण्याची ताकद जास्त. आमच्या पुस्तिकेला एफसी पुरेसं आहे, मी एफडी घेते. महिन्याला पावशेर ऑइल लागत नाही, तिथं कंजुषी कशाला?

मालवणच्या भाच्यानं मात्र होडीच्या इंजिनाचं ऑइल आणून दिलं. तेही टू-स्ट्रोकचंच, डब्यावर टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं, आणि वस्तू चांगली. पण होडीच्या इंजिनाला समुद्राचं पाणी थंड ठेवतं. आमचं इंजिन तापलेल्या रानात, नुसत्या वाऱ्यावर. तेवढ्या उष्णतेसाठी ते ऑइल केलेलंच नाही. डबा परत मालवणला गेला. घरातलं 20डब्ल्यू40 इंजिन ऑइलही चालत नाही. त्यातली धातूंची रसायनं जळून राख होते आणि प्लगवर बसते.

एरंडेलाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लहानपणी आज्जी नाक दाबून पाजायची, तेच एरंडेल शर्यतीच्या इंजिनांचं एके काळचं लाडकं ऑइल. फार तापलं तरी धातूला सोडत नाही म्हणून. कॅस्ट्रॉल या नावातच ‘कॅस्टर’, म्हणजे एरंड आहे. पहिल्या महायुद्धातल्या कितीतरी विमानांची इंजिनं त्यावर चालत, आणि त्याचा धूर तोंडावर घेणाऱ्या वैमानिकांची पोटं बिघडत असं म्हणतात. आज्जीला हे ऐकून हसू आलं असतं. पण एरंडेलाची साय धरते, रिंगा चिकटतात, दुसऱ्या ऑइलमध्ये ते नीट मिसळत नाही. पोराच्या गाडीला नको.

मेस्त्रींचं म्हणणं, “थोडं जास्तच घाला बाई, इंजिनाला बरं.” जावई म्हणाले, नाही, ऑइल वाढलं की तेवढ्या मिश्रणात पेट्रोल घटतं आणि इंजिन उलट तापतं. दोघांचंही मी ऐकून घेतलं आणि कागदावर मांडलं. लिटरला चाळीसचे पन्नास केले तर पेट्रोल घटतं सुमारे एक टक्का. जावयांचं शास्त्र बरोबर, पण एक टक्क्यानं इंजिन मरत नाही. मेस्त्रींच्या सल्ल्यानं प्लग मात्र नक्की काळा-ओला होतो, सायलेन्सर गळतो आणि गाडी रानाच्या मधोमध अडून बसते. चाळीस म्हणजे चाळीस.

खरी काळजी मला पेट्रोलचीच. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आमच्याच भागातल्या उसाचं असेल कदाचित, ज्या रानात गाडी पळते त्याच रानातलं. इथेनॉलला पाण्याचं वेड. अंगणात, चुलीपासून लांब, मी नातवाला करून दाखवलं: सिलिंडरमध्ये 50 मिली पेट्रोल, त्यात 10 मिली पाणी, झाकून हलवलं, ठेवलं. दोन थर झाले. खालचा थर दहाचा असायला हवा होता, तो विसाच्या जवळ पोचला. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यानं आपल्याकडं ओढून घेतलं. ऑइल मात्र पेट्रोलला धरून वरच राहतं. टाकीचा नळ तळाशी. तळातला थर कार्ब्युरेटरमध्ये गेला तर इंजिनाला ऑइलविना पाणी-इथेनॉल मिळणार. म्हणून पावसाळ्यात मिश्रण साठवायचं नाही. एरवीही दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच करायचं, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कॅनमध्ये, वर तारीख आणि ‘25:1’ लिहून. ‘25:1’ अशासाठी, की जावई पुन्हा येणार आहेत.

मिसळायची रीत सोपी आहे. आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, झाकण लावून हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवायचं. ऑइलमध्ये रंग घातलेला असतो, त्यामुळे मिसळलेला कॅन आणि कोरा कॅन डोळ्यांना वेगळे दिसतात. एक गोष्ट प्रयोगशाळेतली. ऑइल चिकट, सिलिंडरच्या भिंतीला दोन-तीन मिली तसंच राहतं. थोड्या पेट्रोलनं सिलिंडर विसळून ते विसळण कॅनमध्ये ओतलं, तरच चाळीसचे चाळीस आत गेले.

परवा कॅनमध्ये पेट्रोल कमी निघालं, 700 मिली. मी काही बोलले नाही. नातू ओट्यावर सिलिंडर ठेवून खाली वाकला, डोळा रेषेत आणला, ऑइल ओतता ओतता थांबला.

“किती?” मी विचारलं.

“अठ्ठावीस,” तो म्हणाला, आणि विसळायला पेट्रोल मागितलं.