निळे बाळ

बाळ निळे पडले की घरातील मंडळी म्हणतात, थंडी बाधली. पुष्कळदा तसे असतेही. पण फुप्फुसे निर्दोष असून बाळ निळे पडते, तेव्हा दोष हृदयात शोधावा लागतो.

पोटात असताना मूल श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू आईच्या रक्तातून वारेवाटे मिळतो. म्हणून फुप्फुसे टाळून रक्त पुढे नेण्यासाठी हृदयाजवळच्या दोन मोठ्या रोहिण्यांत निसर्गाने एक आडवाट ठेवली आहे. जन्मानंतर एकदोन दिवसांत ती मिटू लागते. निरोगी बाळाचे काही अडत नाही. पण एखाद्याचा फुप्फुसाकडचा रस्ताच बुजलेला असतो. एखाद्याच्या दोन्ही मुख्य रोहिण्यांची जोडणी उलटसुलट झालेली असते. मग अशुद्ध रक्त शरीरातच फिरते आणि शुद्ध रक्त फुप्फुसातच. कारखान्यात दोन पंप, दोन टाक्या आणि मधे जोडनळी नाही, असा हा प्रकार. अशा बाळाचा जीव त्या आडवाटेवर, आणि ती मिटते नेमकी बाळंतीण घरी निघण्याच्या सुमारास! नाकाशी नुसता प्राणवायू धरून मग भागत नाही; प्रोस्टाग्लँडिन हे औषध शिरेतून देऊन वाट उघडी ठेवावी लागते आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते.

शस्त्रक्रियेची एक हकीकत आम्हा कामगारांना ठाऊक असावी. १९४४ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. हेलन टॉसिग यांच्या कल्पनेवरून डॉ. ब्लेलॉक यांनी निळ्या बाळांसाठी पहिली शस्त्रक्रिया केली. तिची कृती आधी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर बसवली ती व्हिव्हियन थॉमस यांनी. हे कृष्णवर्णी गृहस्थ पूर्वीचे सुतार. वैद्यकाची पदवी नाही, आणि ब्लेलॉककडे लागले तेव्हा हुद्दा लिहिला होता झाडूवाल्याचा. शस्त्रक्रियेच्या वेळी ब्लेलॉकच्या खांद्यामागे उभे राहून टाके कसे घालायचे ते हेच सांगत होते.

निळेपणा ओळखण्यास डोळ्यांवर विसंबू नये. प्राणवायू बराच उतरेपर्यंत तो दिसत नाही. सावळ्या कातडीवर तर आणखी उशिरा. करोनाच्या साथीत बोटाला लावायचा चिमटा घरोघर आला, त्याच जातीचे यंत्र येथे उपयोगी पडते. जन्मानंतर चोवीस तासांनी उजव्या हातावर आणि एका पायावर मोजावे. दोन्हीकडे ९५ टक्के किंवा अधिक आणि फरक ३ पेक्षा जास्त नसला तर ठीक. ९० च्या खाली आला तर त्याच घटकेला डॉक्टर. मधला आकडा पुन्हा मोजायचा. सगळेच दोष यात सापडतात असे नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्या पालघरलाच झाला. जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहे आणि शस्त्रक्रियाही मोफत व्हावयाची आहे. तेव्हा सातपूर-अंबडच्या मंडळींनी बाळंतिणीला घरी नेताना हाताचा आणि पायाचा, दोन्ही आकडे कागदावर लिहून मागावेत.