फळीतलं आर्सेनिक

बारा फूट लांब, साडेपाच इंच रुंद, दीड इंच जाड. अमेरिकेत घरामागच्या डेकला ठोकायची साधी पाइनची फळी. वाळवी-बुरशी लागू नये म्हणून ती ‘सीसीए’त, म्हणजे क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिकच्या द्रावणात, दाबाखाली मुरवत. जमिनीला टेकणाऱ्या लाकडाला घनमीटरमागे 6.4 किलो औषध, हा तिथला ठरीव डोस. हिशेब मांडला तर त्या एका फळीत सुमारे 27 ग्रॅम आर्सेनिक निघतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमच चालतं. म्हणजे एवढं आर्सेनिक 27 लाख लिटर पाण्याला धोक्याच्या रेघेवर नेऊन ठेवेल. ऑलिम्पिकचा तरणतलाव 25 लाखांचा.

हे औषध मूळचं आपल्याच देशातलं. 1933 साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी ते शोधलं. त्यातली खरी करामत क्रोमियमची: ते लाकडातल्या लिग्निनला चिकटतं आणि बाकीच्या दोघांना धरून ठेवतं. पाइनमध्ये ही पकड बऱ्यापैकी बसते. मेपलसारख्या रुंद पानांच्या झाडांच्या लाकडात मात्र लिग्निन कमी, त्याची घडणही वेगळी. द्रावण मोठ्या वाहिन्यांतून सरसर धावतं, शेजारच्या जाड भिंतींच्या तंतूंत धड शिरत नाही. त्यामुळे अशा लाकडातून आर्सेनिक जास्त सुटतं. पहिल्या काही पावसांत भराभर, मग वर्षानुवर्षं थोडं थोडं.

‘थोडं थोडं’ म्हणजे किती? मायामी आणि फ्लोरिडा विद्यापीठांच्या संशोधकांनी एकट्या फ्लोरिडाचा अंदाज काढला. 2000 सालापर्यंत अशा लाकडातून राज्यात 28,000 टन आर्सेनिक आलं आणि त्यातलं 4,600 टन तोवर झिरपूनही गेलं होतं. टक्क्यांत सांगितलं तर सोळाच, कुणी दचकणार नाही. पण लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने 4,600 टनांना पुरायला 105 टीएमसीची कोयना काठोकाठ भरून दीडशेहून जास्त वेळा लागेल. अर्थात सगळं पाण्यात उतरत नाही; बरंचसं डेकखालच्या मातीतच अडकतं, जिथे मुलं खेळतात.

2003 अखेर अमेरिकी उत्पादकांनी घरगुती वापरासाठी हे औषध थांबवलं. बसवलेल्या फळ्या मात्र तशाच राहिल्या. नवी फळी हिरवट दिसते, म्हणून ओळखू येते. काही उन्हाळे-पावसाळे गेले की ती कुठल्याही जुन्या लाकडासारखी करडी पडते. मग पाडकामाच्या ढिगात मिसळते. फ्लोरिडात अशा ढिगातलं लाकूड दळून, रंग देऊन बागेत पसरायचा भुसा म्हणून विकलं गेलं, आणि तपासलेल्या भुशात आर्सेनिक सापडलं.